आईची धाप आणि कपाटात ठेवलेला पंप

निफाड तालुक्यातल्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराने प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा: आईचं वय ६१. बिडी-तंबाखू आयुष्यात कधी नाही. आठ वर्षांपासून धाप लागते, थंडीत जास्त. गावात 'दमा आहे' म्हणून इंजेक्शनं आणि गोळ्या चालू होत्या. मागच्या वर्षी नाशिकला दाखवलं तेव्हा श्वासातून औषध ओढायचे दोन पंप मिळाले. निळा पंप ती त्रास झाला की ओढते, दुसरा कपाटात पडून आहे. शेजारपाजारचे म्हणतात, पंप हा शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही. हा दमा आहे की सीओपीडी (श्वासाची वाट कायमची अरुंद होण्याचा आजार)? कायमचा बरा होईल का? घरी ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवावं का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: 'फवारणीच्या दिवसांत रात्री माझ्याही छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो.'

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तिच्याकडे येतेच, पण आधी आईंचं बोलू.

नाशिकमध्ये छातीचे आजार बघायला लागून मला चोवीस वर्षं झाली. सोमवारी सकाळी पहिल्या एसटीने सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. मी त्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. त्यातून जुने एक्स-रे निघतात, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निघतात, आणि खूपदा सील न तोडलेला एक पंप निघतो. तुमच्या आईंच्या कपाटातला पंप मला अनोळखी नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पंप म्हणजे जालीम औषध, असा समज घरोघरी आहे. पंप ही औषध पोचवायची वाट आहे. जिथे बिघाड आहे तिथेच औषध पडतं, त्यामुळे मात्रा अगदी थोडी पुरते. हिशेब करून बघा. श्वासातून घ्यायचं ब्युडेसोनाइड रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतलं, वर्षात एकही दिवस चुकवला नाही, तर वर्षाचे होतात १४६ मिलिग्रॅम. आणि धाप वाढल्यावर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस, रोज ४० मिलिग्रॅम, अशा दिल्या तर त्या पाचच दिवसांत २०० मिलिग्रॅम पोटात जातात. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण कोणत्या वाटेने शरीरावर किती ओझं पडतं, याचा अंदाज यावरून येतो. गोळ्यांचे असे चार-पाच कोर्स आयुष्यात झाले तरी हाडं ठिसूळ होणं, रक्तातली साखर वाढणं, मोतीबिंदू यांचा धोका वाढायला लागतो.

गावात आठ वर्षं जे इंजेक्शन मिळालं, त्यात काय होतं ते बहुधा कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसेल. पण ज्या सुईने काही तासांत 'छाती मोकळी झाली' असं वाटतं, भूक वाढते आणि वर्ष-दोन वर्षांत चेहरा गोल दिसायला लागतो, त्या सुईत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. म्हणजे ज्या स्टिरॉइडच्या भीतीने पंप कपाटात गेला, तेच स्टिरॉइड कितीतरी मोठ्या मात्रेत आईंच्या अंगात जात राहिलं. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. रात्री दोन वाजता बाई घुसमटतेय आणि जवळ दुसरं काही नाही, अशा वेळी त्या सुईने जीवही वाचवलेले आहेत. महिन्याच्या महिन्याला ती घेत राहणं मात्र थांबायला हवं. एक सावधगिरी: बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या एका दिवसात बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीनेच उतरवाव्या लागतात.

सवयीचं म्हणाल तर नशा लागावी असं पंपात काही नसतं. पंप सोडल्यावर त्रास परत येतो, कारण आजार अजून शिल्लक असतो. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, त्याला आपण गोळीची सवय म्हणत नाही.

आता दोन पंपांतला फरक. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तासांत असर उतरतो. नळीच्या आतली सूज मात्र तशीच राहते. रुग्णाचा विश्वास या पंपावर बसतो, कारण ओढल्या ओढल्या फरक कळतो. कपाटातला पंप असा कळत नाही. त्यात सूज उतरवणारं किंवा बारा-चोवीस तास नळ्या उघड्या ठेवणारं औषध असतं, आणि सूज उतरायला दिवस, कधी आठवडे लागतात. तो ओढून लगेच काहीच वाटत नाही, म्हणून माणसं तो सोडतात. धापेचा आजार धाप नसलेल्या दिवशी सांभाळायचा असतो, हे मला तुमच्या घरात पोचवायचं आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

दम्यात नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, असं 'जिना' या जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ पासून स्पष्टच सांगितलं आहे. २०० पफचे तीन किंवा जास्त निळे पंप वर्षात संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवाचाच धोका वाढतो. आईंचे वर्षाला किती संपतात, ते औषधाच्या दुकानातल्या बिलांवरून मोजा. एवढा एक आकडा मला खूप काही सांगतो.

आता दमा की सीओपीडी. तुम्ही बागायतदार आहात, म्हणून घडाच्याच भाषेत सांगते. श्वासनलिका खाली उतरताना सुमारे तेवीस वेळा फाटे फोडत जाते आणि शेवटच्या बारीक फाट्यांना वायुकोशांचे घड लागलेले असतात, कोट्यवधी मणी. दम्यात बिघाड असतो देठाकडच्या वाटेत. स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. हे कमीजास्त होत राहतं, आणि औषधाने वाट पुष्कळदा पूर्ण मोकळी होते. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने वाट कायमची अरुंद होते. शिवाय बऱ्याच जणांत मण्यांमधले पडदे झिजतात आणि लहान लहान मण्यांच्या जागी मोठे पोकळ फुगे होतात. हे मणीच आपल्या ताणाने बारीक वाटांना चहूबाजूंनी ओढून उघडं धरतात. तो ताण गेला की श्वास सोडताना वाट मिटते. हवा आत जाते, पण पुढचा श्वास घ्यायच्या आत पुरती बाहेर पडत नाही. असे रुग्ण मला सांगतात, 'बाई, आत घ्यायलाच जागा नाही.' जागा असते, पण ती जुन्या हवेने भरलेली असते. छाती पिंपासारखी पुढे आलेली दिसते ती त्यामुळेच.

या दोन्हींतला फरक नुसत्या स्टेथोस्कोपने सांगता येत नाही, चोवीस वर्षांनंतर मलाही येत नाही. एक्स-रेनेही खात्रीने कळत नाही. त्यासाठी फुंकायची तपासणी करावी लागते, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने सोडायचा. आमची तंत्रज्ञ मुलगी समोर उभी राहून अक्षरशः ओरडते, 'फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!' आणि सहा सेकंदांनी आजी डोळ्यांत पाणी येऊन थांबतात. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, ते त्यात मोजतात. मग नळ्या उघडणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खालीच राहिला, सोबत धुराचा इतिहास असला, तर सीओपीडी. औषधाने पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याकडे कल. काहींना दोन्ही असतात. आईंची ही तपासणी झाली आहे का, ते तुमच्या प्रश्नात नाही. झाली नसेल तर पहिलं काम तेच.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघून घ्यावी लागते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाची थुंकी क्षयासाठी तपासली आहे ना? सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्यांनाही पुढे आयुष्यभर धाप राहू शकते, आणि त्यांनाही वर्षानुवर्षं दम्याचीच औषधं मिळत राहतात. हृदय कमजोर झालेलं, रक्त कमी झालेलं, हीही धापेची कारणं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा पेटतो, हे तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून डोळ्यांच्या थेंबांसकट सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

आईंनी बिडी ओढली नाही, मग सीओपीडी कसा होईल, असं तुमच्या मनात असेल. इथे माझा नेहमीचा संवाद सांगते. मी विचारते, 'घरात चूल आहे का?' उत्तर येतं, 'नाही, गॅस आहे, किती वर्षं झाली.' मग विचारते, 'अंघोळीचं पाणी कशावर तापतं?' 'ते बंबात.' बंब कोण पेटवतं? तीच बाई. पहाटे पाचला, मागच्या दारी पत्र्याच्या आडोशाला, छाटणीच्या काड्या, मक्याची रिकामी कणसं, कधी प्लॅस्टिकची पिशवी पेट घ्यायला. बागेच्या त्या काड्यांवर हंगामभर औषधं मारलेली असतात. बंब पेटेना की ती वाकून फुंकते, आणि पहिला दाट धूर तिच्या तोंडावर येतो. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं, लग्न होऊन आल्यापासून, तिने चुलीपुढे काढलेली असतात. उज्ज्वला योजना आली २०१६ साली. तोवर आईंच्या पिढीचं फुप्फुस धुराने भरून झालं होतं. चुलीच्या धुराने सीओपीडी होतो यात वैद्यकशास्त्राला आता शंका नाही, आणि आपल्याकडच्या बायकांत तेच त्याचं मोठं कारण आहे.

थंडीत त्रास वाढतो त्यालाही कारण आहे. बहुतेक हिवाळ्यांत राज्यातला सर्वांत खाली उतरलेला पारा म्हणून निफाडचं नाव पेपरात येतं. अशा पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि बंबाचा, शेकोटीचा, जाळलेल्या पाचटाचा धूर वर चढतच नाही. गार हवेने नळ्या आवळतात, त्यात हा धूर. म्हणून बंब आईंनी पेटवायचा नाही, हा नियम आजपासून घरात करा. सोलर किंवा विजेचा हीटर परवडत असेल तर उत्तम. नाहीतर बंब घरापासून लांब, वाऱ्याने धूर घराकडे येणार नाही अशा बाजूला, आणि पेटवणारं माणूस दुसरं. डास पळवायची कॉइल आणि बंद खोलीतली धूपकांडीही बंद. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनी सोडायला हवी. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी मदत मिळते. सीओपीडीत फुप्फुसाची झीज मंदावणारी धूर थांबवण्यासारखी दुसरी गोष्ट नाही, कुठल्याच औषधाला ते इतकं जमलेलं नाही.

औषध चालू असून फरक पडत नाही, असं सांगणाऱ्या रुग्णाला मी सगळ्यात आधी माझ्यासमोर पंप ओढायला लावते. पेठकडच्या एक आजी महिनाभर कॅप्सूल नियमित 'घेत' होत्या आणि धाप वाढतच होती. मी म्हटलं, कशा घेता ते दाखवा. त्यांनी पर्समधून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि माझ्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी प्यायल्या. ती कॅप्सूल ज्यात घालून पावडर ओढायची, ते पंपाचं यंत्र घरी फडताळात होतं. त्यांची काहीच चूक नव्हती. कॅप्सूल गिळायची असते हेच आयुष्यभर ऐकलेलं, आणि त्यांना कुणी प्रत्यक्ष करून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास बसून त्यांना शिकवलं. औषध तेच ठेवलं, आणि पुढच्या महिन्यात त्या जिना चढून आल्या.

म्हणून हे नीट बघून घ्या. दाबायचा पंप आणि पावडरचा पंप यांची रीत एकमेकांच्या अगदी उलट आहे. दाबायचा पंप आधी चांगला हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, ओठांत घट्ट धरून एकदाच दाबायचं आणि सावकाश, खोल ओढायचं. मग मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. पावडरचा पंप मात्र जोराने, एका दमात ओढायचा, नाहीतर पावडर घशातच बसते. कॅप्सूल वापरायच्या वेळीच पट्टीतून काढायची, आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती ओलसर होते. आईंसारख्यांना दाबायचा पंप नेहमी स्पेसरबरोबरच द्यावा असं माझं मत आहे, दाबणं आणि ओढणं यांचा मेळ त्यांना जमत नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळू द्यायचा. आतून फडक्याने पुसला की औषध भिंतीलाच चिकटायला लागतं. आणि स्टिरॉइडच्या पंपानंतर दर वेळी चूळ भरून थुंकायची, म्हणजे घशात पांढरी बुरशी धरत नाही, आवाज बसत नाही.

'कायमचं बरं होईल का?' याचं उत्तर तुम्हाला सरळ द्यायला हवं. दमा असेल तर तो बहुतेकांत असा आटोक्यात राहतो की रात्रीची झोप, शेतातलं काम, लग्नसराई, कशातच आडवा येत नाही. सीओपीडी असेल तर गेलेले मणी परत येत नाहीत. पण उरलेल्या फुप्फुसावर माणूस किती चांगलं जगेल, यातलं पुष्कळ आपल्या हातात असतं. आणि इथे मला औषधापेक्षा पायांबद्दल जास्त बोलायचं आहे.

धाप लागते म्हणून माणूस बसतं. बसलं की मांड्यांचे स्नायू खंगतात. खंगलेल्या पायांना तेच अंतर चालायला जास्त श्वास लागतो, म्हणजे धाप आणखी लवकर लागते. घरचेही मायेने म्हणतात, 'तुम्ही बसा, आम्ही करतो.' वर्षभरात ओट्यापासून मोरीपर्यंत जाणं जड होतं. फुप्फुसाच्या आजारांसाठी जो व्यायामाचा कार्यक्रम असतो तो सहा-आठ आठवड्यांचा, आणि त्याने फुप्फुसाचे आकडे फारसे न बदलताही चालणं वाढतं, धाप कमी होते. शहरात फिजिओथेरपीकडे जाऊन तो करता आला तर उत्तम. नाही जमलं तर सपाटीवर रोज चालणं, एक वाक्य बोलता येईल पण ओवी गाता येणार नाही इतक्या वेगाने. खुर्चीतून हात न टेकता पाच-सहा वेळा उठणं, दिवसातून दोनदा. चालायच्या पंधरा मिनिटं आधी निळा पंप घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच जणांना मी घ्यायला सांगते.

श्वास सोडायची एक रीत मात्र आजच शिकवा. नाकाने दोन मोजेपर्यंत आत, आणि ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. समोर निरांजन आहे असं समजायचं, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये. चंबूमुळे नळ्यांत थोडा दाब टिकतो, मिटणारी वाट जरा जास्त वेळ उघडी राहते आणि अडकलेली हवा बाहेर पडते. धाप लागल्यावर उताणं झोपवू नका. खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांडीवर टेकवून बसवा. वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत टाकताना धाप लागते, कारण हात डोक्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू तिकडे गुंततात. आईंना वेणी बसून, कोपरं टेबलावर टेकवून घालू द्या.

जेवणाबद्दल माझी तक्रार आहे ती आपल्या सगळ्यांच्याच घरांबद्दल. धापेच्या माणसाचं केळं बंद, दही बंद, पेरू बंद, भात बंद, दूध कफ करतं म्हणून तेही बंद. शेवटी ताटात भाकरी आणि बिनतेलाची भाजी उरते. सीओपीडीत वजन घटणं हे वाईट लक्षण आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो हे दोन-तीनदा स्वतः अनुभवलं असेल तर तेवढाच टाळा. एरवी डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे द्या. पोट गच्च भरलं की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा नीट खाली सरकत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच छोटी.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये. न्यूमोनियाची लसही डॉक्टरांना विचारून घ्या. सीओपीडीत प्रत्येक मोठा झटका थोडं फुप्फुस घेऊन जातो, तो टाळणं हीच कमाई.

ऑक्सिजनचं मशीन. २०२१ नंतर कितीतरी घरांत ते पडून आहे आणि शेजारच्या आजींना धाप लागली की ते लावलं जातं. धाप आणि ऑक्सिजन कमी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजन ९५ असूनही माणूस धापा टाकत असतो, त्याला मशीनचा उपयोग नाही. शांत बसलेलं असताना, तब्येत स्थिर असताना, ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहतो असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर धमनीतल्या रक्ताची तपासणी करून घरचा ऑक्सिजन ठरवतात. तो मग दिवसातून किमान पंधरा तास घ्यावा लागतो, तेव्हा आयुष्य वाढतं. मनाला येईल तेव्हा दहा मिनिटं नाकाला लावून काही होत नाही. आणि सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक. काही जणांत त्याने कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. अशा रुग्णात आम्ही ८८ ते ९२ च्या दरम्यान राखतो, ९९ करायला जात नाही. बोटाला लावायचं यंत्र घरी जरूर ठेवा, फक्त गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर ते चुकीचा आकडा दाखवू शकतं, बोट चोळून गरम करून बघा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काहीही पेटवायचं नाही.

आता तुम्ही. रात्री छातीत शिट्टी वाजते, तीही फवारणीच्या दिवसांत, हे सहज जाता जाता लिहिण्यासारखं नाही. हा दमा असू शकतो आणि तो तुमच्या कामाशी बांधलेला असू शकतो. ऑक्टोबर छाटणीपासून पुढचे तीन-चार महिने तुम्ही ट्रॅक्टरच्या ब्लोअरमागच्या धुक्यात असता. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारता, तो डोळ्यांना आणि नळ्यांना दोन्हींना झोंबतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं यातलं काहीच अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ आणि बारीक कण अडवतो, वाफ आणि वायू अडवत नाही. त्यासाठी काडतूस बसवलेला मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसायला हवा.

सोयाबीनची मळणी करता का? बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात काही ठरावीक दिवशी एकदम खूप माणसं दम्याने दवाखान्यात यायची. शोध घेतल्यावर कळलं की ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जायचं, त्या दिवशी त्याची धूळ शहरभर पसरायची. कोठारांना गाळण्या बसवल्यावर ते थांबलं. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहून तुम्ही तीच धूळ घेता. कांद्याच्या चाळीतली काळी बुरशी, बांधावरच्या गाजर गवताचे परागकण, हेही बघावे लागतील. बाकी जिल्ह्यातही हेच आहे, फक्त धूळ बदलते: मालेगावला यंत्रमागांवरचे सुताचे तंतू, सिन्नरला विड्या वळताना उडणारी तंबाखू, सातपूर-अंबडला रंगाच्या फवाऱ्याचं धुकं.

तुम्ही एक करा. पीक फ्लो मीटर नावाचं हातात मावणारं साधं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, उभं राहून तीन-तीन वेळा फुंका आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहा. पुढे त्या दिवशी काय केलं तेही: फवारणी, मळणी, चाळ भरणे, काहीच नाही. दोन-तीन आठवडे लिहा. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आकडा पडत असेल आणि चार दिवस बाहेरगावी गेल्यावर चढत असेल, तर ती वही कुठल्याही महागड्या तपासणीइतकी मोलाची आहे. अशा दम्यात कारण लवकर दूर केलं तर तो पूर्ण सुटूही शकतो. वर्षानुवर्षं अंगावर काढला तर कारण गेल्यावरही राहतो. नाक सतत चोंदत असेल, सकाळी शिंकांची रांग लागत असेल तर तेही सांगा, नाक आणि छाती एकाच वाटेवर आहेत आणि नाकाचा इलाज केल्याशिवाय छाती शांत होत नाही.

एक कागद घरात चिकटवून ठेवा, फ्रिजवर किंवा देवघराशेजारी, सगळ्यांना दिसेल असा. आईंना रोजच्यापेक्षा धाप जास्त, कफ जास्त आणि पिवळा-हिरवा झाला, निळा पंप वारंवार लागतोय, तर दोन दिवस वाट न बघता डॉक्टरांना फोन. त्या वेळी कोणतं औषध सुरू करायचं ते आधीच डॉक्टरांकडून त्या कागदावर लिहून घ्या. आणि वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, गुंगी किंवा भ्रमिष्टासारखं बोलणं, निळ्या पंपाने उतारच नाही, यातलं एकही असेल तर १०८ किंवा मिळेल ती गाडी. वाटेत स्पेसरमधून निळा पंप एकेक पफ करून चार ते सहा, लागलंच तर वीस मिनिटांनी पुन्हा. घरघर एकदम थांबली आणि माणूस निपचित पडलं तर बरं वाटतंय असं समजू नका, हवाच आत जात नसते.

कोजागिरी जवळ आली की माझ्याकडे दरवर्षी एक प्रश्न येतो, चांदण्यातल्या खिरीतून दम्याचं औषध घ्यायचं का. माझ्या सासूबाईही त्या खिरीवर श्रद्धा ठेवून होत्या आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. पण त्या औषधाबरोबर पंप बंद करायला सांगतात, आणि कोजागिरीनंतरच्या पंधरवड्यात पंप बंद केलेली माणसं मी ॲडमिट केलेली आहेत. तोच काळ सोयाबीन मळणीचा, छाटणीचा, थंडी पडायचा, पुढे दिवाळीच्या फटाक्यांचा. त्या दिवसांत पंप एकही दिवस चुकता कामा नये. खीर घ्या, पंपही घ्या. खिरीत काय काय घातलंय हे कुणी सांगायला तयार नसेल तर ती खीर नको.

छाटणी सुरू झाली की तुम्हाला वेळ मिळणार नाही, म्हणून त्याआधी आईंना घेऊन जवळच्या छातीविकारतज्ज्ञांकडे जा, आणि दोघांचीही फुंकायची तपासणी करा. त्या दिवशी सकाळी निळा पंप घ्यायचा की नाही ते आधी फोन करून विचारा, त्याने आकडे बदलतात. जाताना कपाटातला पंप, निळा पंप, रिकामे झालेले सुद्धा, गावातल्या गोळ्यांच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, जुने एक्स-रे, तुमची वही, सगळं एका पिशवीत घाला. आणि आईंना सांगा, डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायचा आहे, लाजायचं नाही.